स्थळप्रत

सूरजागडचा डोंगर लोखंडाचा आहे, हे आता साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले आहे. २००७ साली त्यातला सुमारे ३४८ हेक्टरांचा तुकडा खाणीसाठी भाडेपट्ट्याने दिला गेला, आणि तेव्हापासून वर्तमानपत्रांत या डोंगराचे नाव येते ते खनिजाच्या, ट्रकांच्या नाहीतर जाळपोळीच्या निमित्ताने. भोवतालच्या माडियांच्या लेखी मात्र तो ठाकूरदेवाचा डोंगर. जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि रानातल्या पायवाटांनी माणसे लोटतात. मला या लेखात लोखंडाविषयी काही सांगायचे नाही. कागदाविषयी सांगायचे आहे. कागदाची नक्कल कशी करावी, ती कुठे ठेवावी आणि ठेवलेली नक्कल खरोखर नक्कल आहे की नाही हे कसे ओळखावे, एवढाच माझा विषय. फराळाच्या ताटाशेजारी तो रुक्ष वाटेल. पण ज्याच्या घरातला एखादा दाखला हरवला आहे, तो तरी वाचील.

काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एक म्हातारा आपल्या नातवाला घेऊन आमच्या शाळेच्या पडवीत येऊन बसला. नातू बारावी झालेला, पुढच्या प्रवेशाला जातपडताळणी हवी होती. म्हातारा आमच्याच शाळेत तिसरीपर्यंत शिकलेला. "गुरुजी, माझं नाव काढून द्या," एवढेच तो म्हणाला. आपले नाव या घरात कुठेतरी ठेवलेले आहे आणि मास्तर ते उठून काढून देतील, अशी त्याची साधी समजूत. मी उठलो नाही. कारण त्या दिवशी त्याचे नाव माझ्यापाशी होते असेही म्हणता येत नव्हते, आणि नव्हते असेही म्हणता येत नव्हते.

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

विदर्भातल्या माणसाला आपल्या आजोबाचा शोध घ्यायचा तर तो तीन-चार दारांशी जातो. एक म्हणजे कोतवाल बुक. गावच्या कोतवालाने सांगितलेल्या जन्ममृत्यूंची ती नोंद. दुसरी बंदोबस्ताची मिसल. तिसरे १९५० नंतर झालेले अधिकार अभिलेख. आणि चौथे, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. या चारांपैकी एकात तरी आजोबा सापडावा लागतो, आणि नोंद जितकी जुनी तितका तिला भाव. आमच्या भागात अडचण अशी, की गाव जागचे हलले नाही, दप्तर मात्र सारखे हलत राहिले. १८५३ साली नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारले, राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे गेले. दक्षिणेकडचा मुलूख काही वर्षे सिरोंच्याहून चालणाऱ्या अप्पर गोदावरी नावाच्या जिल्ह्यात होता. तो जिल्हा १८७४ साली मोडला आणि सिरोंचा तहसील चांद्याला जोडली गेली. मेजर लुसी स्मिथ याने चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचा मोठा अहवाल १८६९ साली सादर केला. आमच्याकडचे लिखित इतिहासाचे बरेच धागे तिथून सुरू होतात. १९५१ साली मध्य प्रदेशात जमीनदाऱ्या गेल्या. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा निघाला. दर खेपेला गाठोडी बांधली गेली, बैलगाडीत नाहीतर ट्रकमध्ये चढली, आणि दुसऱ्या गावी कुठल्याशा खोलीत उतरली. त्यांतली किती जशीच्या तशी सुटली असतील, याचा विचार मी करीत नाही.

शिवाय आग. नागपूरचा भोसल्यांचा राजवाडा १८६४ साली जळाला. नगारखाना तेवढा उरला. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालय पेटले. पाच माणसे गेली आणि फायलींच्या राशी जळाल्या. आमच्या जिल्ह्यात तर ग्रामपंचायतींची आणि वनखात्याची ठाणी नक्षलवाद्यांनी कितीदा पेटवली. २३ डिसेंबर २०१६ रोजी सूरजागडला पाऊणशेहून अधिक वाहने जळाली, त्याची छायाचित्रे देशभर छापून आली. ग्रामपंचायतीच्या कपाटाचे छायाचित्र कोण काढतो? ट्रकाचा विमा असतो.

आपल्या कचेऱ्यांत एक छान शब्द आहे: स्थळप्रत. बाहेर पाठवलेल्या पत्राची जी नक्कल कचेरीत राहते ती स्थळप्रत. शहाणपणाची रीत आहे. पण मी पाहिले आहे, की आपण ज्या मूळ कागदांची नक्कल करतो तीही त्याच खोलीत, त्याच कपाटात, बहुधा त्याच फडक्यात बांधून ठेवतो. वाळवीला मूळ आणि नक्कल यांतला फरक कळत नाही.

आमच्या शाळेच्या सर्वांत जुन्या रजिस्टराला वाळवीच लागली. ती उजव्या कडेने शिरली. डाव्या बाजूचे दाखल क्रमांक, नाव, जात हे रकाने धड होते. जन्मतारीख आणि प्रवेशाची तारीख हे उजवीकडचे रकाने कुरतडले जात होते. मधली काही पाने तर पुरती चाळण झाली होती. तेव्हा एका दिवाळीच्या सुटीत मी आणि वरच्या वर्गातल्या दोन मुलांनी, वाचता येत होते तोवर, ते सारे संगणकात उतरवून घेतले.

आता संगणकात म्हणजे कशात, हे सांगितले पाहिजे. एडगर कॉड नावाचा एक इंग्रज गणिती अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत होता. त्याने जून १९७० मध्ये एक निबंध छापला. तोवर संगणकातली माहिती अशी रचलेली असे, की एक नोंद शोधायची तर तिच्याकडे जाणारी वाट आधी ठाऊक हवी. जुन्या वाड्यात नवख्या माणसाने कोठीघर शोधावे तसे. कॉड म्हणाला, माहिती साध्या तक्त्यांत ठेवा: आडव्या ओळी, उभे रकाने. प्रत्येक ओळीला एक ओळखीचा क्रमांक द्या. दोन तक्त्यांत तोच क्रमांक असला, की ते एकमेकांशी आपोआप जोडता येतात. वाट पाठ असण्याची गरज नाही. मास्तराला हे चटकन पटते, कारण दाखल क्रमांक म्हणजे दुसरे काय? हजेरीत तो, निकालपत्रकात तो, दाखल्यावर तो. कॉडने जे गणिताने सिद्ध केले त्यावर आमचे हेडमास्तर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरीत होते. त्याच्याच कंपनीत १९७४ च्या सुमारास या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार झाली, ती आज एस.क्यू.एल. म्हणून ओळखतात. पुढे बर्कली विद्यापीठातल्या कामातून पोस्टग्रेस निघाले, आणि १९९५ साली फिनलंडच्या मायकेल विडेनियसने आणि त्याच्या सोबत्यांनी मायएसक्यूएल आणले. त्यातले 'माय' हे त्याच्या मुलीचे नाव. माझी नोंदवही या 'माय'च्या पोटात होती, आणि एका मराठी मास्तराला ते नाव परके वाटले नाही.

हे असले भांडार बाहेर काढून ठेवायचे दोन मार्ग. एक म्हणजे ज्या फायलींत यंत्र ते ठेवते त्या तशाच्या तशा उचलणे. त्यात धोका असा, की भांडार चालू असताना फायली अर्धवट लिहिलेल्या असतात. शिजत्या भाताचे पातेले उचलण्यासारखे ते आहे. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. पडद्यावर काळी खिडकी उघडायची. तिथे चित्रे नाहीत, बटणे नाहीत. नुसता लुकलुकणारा एक खांब. तिथे एका ओळीची आज्ञा टंकायची: मायएसक्यूएलडंप, त्यापुढे आपले नाव, भांडाराचे नाव आणि कोणत्या फायलीत ओतायचे ते. पोस्टग्रेसवाल्यांची अशीच आज्ञा पीजी-डंप. डंप म्हणजे ओतणे. यंत्र मग सारे भांडार शब्दांत सांगू लागते: असा एक तक्ता बनवा, त्याला हे हे रकाने ठेवा; आता त्यात ही ओळ घाला, आता ही घाला. शेवटी हाती येते ती साधी मजकुराची फाईल. तिच्यात भांडार नसते. भांडार पुन्हा कसे उभारावे याचे सांगणे असते. ती फाईल कुठल्याही गावी, कुठल्याही यंत्राला वाचून दाखवली, की ते सारे तक्ते पुन्हा जन्माला घालते.

एक बारकावा मला फार विलक्षण वाटला. नक्कल चालू असतानाही लोक नोंदी करीतच असतात. समजा कारकून चाळिसाव्या पानावर पोचला, आणि मागे तिसऱ्या पानावर कुणी खाडाखोड केली. मग नक्कल धड कालची नाही, धड आजची नाही. तेव्हा त्या आज्ञेला एक शब्द जोडता येतो, 'सिंगल ट्रँझॅक्शन'. तो जोडला, आणि तक्ते त्या सोयीच्या प्रकारचे असले, की नक्कल सुरू झाली त्या क्षणी वही जशी होती तशीच यंत्र शेवटपर्यंत दाखवीत राहते. बाहेर जग बदलत असते, नक्कल करणाऱ्यापुरता तो क्षण थांबलेला असतो. मी कादंबऱ्या लिहितो; असा क्षण मला कधी मिळालेला नाही.

पण ही युक्ती अमेरिकेतच सुचली असे समजण्याचे कारण नाही. तेराव्या शतकात, याच विदर्भात, रिद्धपूरला म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडे जाऊन विचारायचे, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घ्यायचे, अशी त्याची पद्धत. १२७८ च्या सुमाराचा हा 'लीळाचरित्र' ग्रंथ म्हणजे मराठी गद्याचे पहिले मोठे घर. परंपरा सांगते, की पुढे उत्तरेच्या फौजांची धाड आली, त्या पळापळीत मूळ पोथी गेली. आणि मग हिराइसा आदी ज्यांना ग्रंथ मुखोद्गत होता त्यांच्या सांगण्यावरून तो पुन्हा लिहून काढला. एकाहून अधिक पाठ झाले, त्यांत फरकही पडले. पण ग्रंथ राहिला. पोथी जळते तशी तोंडची प्रत जळत नाही, कारण ती दहा गावी हिंडत असते. पुढे महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ लिपी या सांकेतिक लिपीत लिहिल्या. त्या मठांत सुरक्षित होत्या. एकही अक्षर हरवले नव्हते. तरी किल्ली ठाऊक नसलेल्या मराठी माणसाला शेकडो वर्षे त्यातली एक ओळ वाचता आली नाही; विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांच्या हाती किल्ली आली तेव्हा कुठे ते दार उघडले. प्रत असणे आणि प्रत वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला पुस्तकातून माहीत होते. उपयोग झाला नाही.

मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती काळी खिडकी उघडीत असे. आज्ञा मी एका जुन्या वहीतून उतरवली होती; माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, इंग्रजी शब्द जसेच्या तसे उतरवावेत हाच माझा नेम. फाईल पेनड्राइव्हवर घेत असे आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या गावी एका मित्राच्या घरी ठेवीत असे, कारण वाळवीचा धडा मी शिकलो होतो. फाईल केवढी आहे ते पाहायचे, मोठी आहे ना, मग झाले. ती उघडून मात्र मी एकदाही पाहिली नाही.

म्हातारा आला त्याच्या आधीच्या महिन्यात, पहिल्याच पावसात शाळेवर वीज कोसळली. माणसांना काही झाले नाही. संगणक आतून काळा पडला. मी निर्धास्त होतो. पेनड्राइव्ह आणला, तालुक्याच्या गावी एका ओळखीच्या दुकानात बसलो, फाईल नव्या यंत्राला वाचायला दिली. तक्ते भराभर उभे राहिले. दाखल क्रमांक बरोबर, जन्मतारखा बरोबर, प्रवेशाच्या तारखा बरोबर. नावांच्या रकान्यात प्रश्नचिन्हे. जातीच्या रकान्यात प्रश्नचिन्हे. पानेच्या पाने प्रश्नचिन्हांची.

कारण क्षुल्लक होते. माझ्या वहीतल्या आज्ञेत 'लॅटिन-वन' असे दोन शब्द होते. म्हणजे, युरोपातल्या लिप्यांच्या अक्षरसंचात लिही. ज्याने ती आज्ञा पहिल्यांदा लिहिली त्याची नावे इंग्रजीत असणार. त्याचे काही अडले नाही. यंत्राने मात्र हुकूम पाळला. देवनागरीचे जे जे अक्षर त्या संचात बसेना, त्याच्या जागी एक एक प्रश्नचिन्ह ठेवले, आणि तक्रार केली नाही. सकळ लिपीला निदान किल्ली असते. प्रश्नचिन्हाला नसते, आत जे होते ते गेलेच.

त्या रात्री मी वेड्यासारखा प्रश्नचिन्हे मोजीत बसलो. काना, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षराचा पाय, प्रत्येकाला एकेक चिन्ह असते. चार चिन्हे असली तर आडनाव गोटा. पाच असली तर मडावी. पण मग नरोटेही पाचच. सहा म्हणजे आत्राम, किंवा हिचामी. सात म्हणजे पुंगाटी, नाहीतर मट्टामी. पहाटेपर्यंत माझ्यापुढे गाव होते आणि त्यात एकही माणूस नव्हते.

मोठमोठ्यांचे असे होते, ही समजूत मला नंतर सापडली. गिटलॅब ही जगभरच्या संगणककारांचे काम सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक थकलेला कर्मचारी दुय्यम यंत्रावरची फायलींची खोली रिकामी करायला गेला, आणि आज्ञा दिली ती मुख्य यंत्रावर. क्षणा-दोन क्षणांत चूक कळली, त्याने हात आवरला; तोवर सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी साडेचार उरले होते. मग नकला शोधल्या. पीजी-डंपच्या नकला जिथे ठेवल्या जात ती जागा रिकामी निघाली. भांडार पोस्टग्रेसच्या ९.६ या आवृत्तीचे आणि नक्कल करणारी आज्ञा ९.२ ची, ती रोज नकार देत होती. त्या नकाराची पत्रे रोज निघत होती, पण पोचण्याआधीच टपालयंत्रणा ती नाकारीत होती. त्याच कर्मचाऱ्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी एक प्रत घेऊन ठेवली होती, तिने लाज राखली. या कंपनीने झाकपाक केली नाही; दुरुस्ती चालू असताना ती जगाला थेट दाखवली आणि पुढे सारी हकीकत छापली. मला त्यांच्या लोखंडापेक्षा या धैर्याचा हेवा वाटतो. मला मात्र म्हाताऱ्याला सांगायला दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी माझे डोके ठिकाणावर आले. रजिस्टराची डावी बाजू फडक्यात बांधलेली होतीच. तिच्यात क्रमांक, नाव आणि जात. प्रश्नचिन्हांच्या फायलीत क्रमांक आणि तारखा. वाळवीने खाल्ले ते माझ्याकडे होते, आणि मी घालवले ते वाळवीने ठेवले होते. दोन्हीकडे दाखल क्रमांक तोच. कॉडसाहेबांचा निबंध मी वाचलेला नाही. पण त्या दिवशी पडवीत चटईवर बसून, क्रमांकाला क्रमांक लावीत, मी त्यांचेच काम हाताने केले. म्हाताऱ्याचा क्रमांक चाळण झालेल्या पानांच्या अलीकडे होता. नाव मिळाले, तारीख मिळाली. वरिष्ठांपुढे दोन्ही तुकडे ठेवले, पंचनामा झाला, पुष्कळ सह्या झाल्या, आणि दाखला निघाला.

पण मधल्या पानांवरची नावे गेली ती गेलीच. त्यांच्या तारखा आहेत, माणसे नाहीत.

आता मी आज्ञेत 'यूटीएफ-एट-एमबी-फोर' लिहितो. त्या संचात देवनागरी सुखाने बसते. फाईलच्या नावात त्या दिवसाची तारीख घालतो, कारण तेच नाव पुन्हा दिले तर नवी नक्कल पुरी होण्याआधीच जुनी पुसली जाते. प्रत तीन गावी असते. आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी तीतून एक रिकामे भांडार नव्याने उभारून, कुठलीही दहा नावे मोठ्याने वाचतो. वर्गातली मुले हसतात. हसोत.

दाखला न्यायला म्हातारा आला तेव्हा मी त्याला हरवलेल्या पानांविषयी सांगितले. तो म्हणाला, "माझ्या बरोबरचेच ते. सांगू?" आणि तो सांगू लागला. गाव, बापाचे नाव, मग पोराचे. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन पुरावा म्हणून धरले आहे, हे मला ठाऊक होते. शाळेच्या रजिस्टराला ते चालत नाही, हेही ठाऊक होते. म्हणून मी मूळ तक्त्यात काही घातले नाही. एक वेगळा तक्ता बनवला, त्याला 'ऐकीव' असे नाव दिले आणि शेवटी एक रकाना ठेवला: सांगणारा. म्हातारा डोळे मिटून बोलत होता, मी टंकीत होतो. शेवटी त्याने एका मुलीचे नाव घेतले. ती वर्गात नव्हती, तो म्हणाला. बकऱ्या घेऊन येई आणि दाराबाहेर उभी राहून पाढे म्हणे, मास्तर तिला हाकलीत नसत. लिहू नका पाहिजे तर, तिला नंबर नव्हता.

मी क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवला आणि तिचे नाव लिहिले.